टेकन ३ नंतर थेट टेकन ८: पहिल्या आठवड्यात काय दिसतं, काय अडतं

प्रश्न असा आहे: शाळेत असताना गेम पार्लरमध्ये टेकन ३ हा दोघांच्या मारामारीचा गेम मनसोक्त खेळला, मग मालिकेशी संबंध सुटला. आता मित्राच्या प्लेस्टेशन ५ वर टेकन ८ ऑनलाइन खेळून पाहिला. स्क्रीनवर नुसत्या ठिणग्या, समोरच्याचा मारा थांबेना, आणि सगळ्या मॅच हातच्या गेल्या. गेम खरंच इतका चांगला आहे का? जुनं काही उपयोगाला येईल का?

गेम चांगला आहे, आणि जुनं बरंच उपयोगाला येतं. पण पहिल्या दोन-तीन दिवसांत जे दिसतं त्यावरून मत बनवू नका. टेकन ८ वरवर आक्रमणाचा गेम वाटतो, आणि तो आहेही. तरी नवा माणूस हरतो तो आक्रमण कमी पडतं म्हणून नाही. ब्लॉक केल्यावर मारायची टर्न आपली की समोरच्याची, हे त्याला कळत नाही. एवढं कळलं की त्याच ठिणग्यांमागचा गेम दिसायला लागतो.

आधी संदर्भ. टेकन ७ जपानच्या आर्केडमध्ये, म्हणजे तिथल्या गेम पार्लरमध्ये, २०१५ मध्ये आला आणि घरच्या मशीनवर जून २०१७ मध्ये. टेकन ८ आला २६ जानेवारी २०२४ ला, म्हणजे साडेसहा वर्षांहून जास्त वाट पाहायला लावून, आणि मुख्य मालिकेत पहिल्यांदाच आर्केडची पायरी वगळून. तो प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस आणि पीसीवर चालतो. प्लेस्टेशन ४ वर नाही. सुरुवातीलाच ३२ खेळाडू आहेत. तुमच्या ओळखीचे जिन, पॉल, किंग, नीना, शाओयू, ह्वारांग, योशिमित्सू, ब्रायन, कुमा सगळे हजर आहेत. लॉसुद्धा आहे, पण हा मार्शल लॉ. टेकन ३ मध्ये त्याचा मुलगा फॉरेस्ट होता. लेई, ज्युलिया, मोकुजिन, ओगर सुरुवातीच्या यादीत नाहीत. आणि ज्याच्यासाठी पार्लरमध्ये भांडणं व्हायची तो एडी एप्रिल २०२४ मध्ये वेगळे पैसे मोजून घ्यायचा खेळाडू म्हणून आला. हेहाचीही त्याच वर्षी, नंतर.

पाया तोच आहे. चार बटणं, चार अवयव: १ डावा हात, २ उजवा हात, ३ डावी लाथ, ४ उजवी लाथ. वरचा वार म्हणजे हाय, बसलं की डोक्यावरून जातो. मधला म्हणजे मिड, बसलेल्याला लागतो. खालचा म्हणजे लो, उभ्या माणसाला लागतो. साधी पकडही बसून चुकवता येते. वर किंवा खाली हलका टिचका दिला की बाजूला पाऊल पडतं. हे सगळं टेकन ३ मध्ये होतं, बोटांना ते अजून आठवत असेल. पार्लरमध्ये एक गोष्ट मात्र कोणी शिकवली नाही, ती म्हणजे फ्रेम.

गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी चालतो. सर्वात जलद ठोसा, म्हणजे साधा जॅब, दाबल्यापासून दहाव्या फ्रेमला लागतो, सेकंदाच्या सहाव्या भागात. प्रत्येक वाराला तीन आकडे असतात: किती फ्रेमने लागतो, ब्लॉक झाला तर मारणारा किती फ्रेम मागे राहतो, म्हणजे समोरच्यापेक्षा किती उशिरा सावरतो, आणि लागला तर किती पुढे जातो. तुम्हाला पहिल्या आठवड्यात फक्त मधला आकडा हवा आहे.

उदाहरण घेऊ. बऱ्याच खेळाडूंकडे उडी मारून वर जाणारी लाथ असते, वर-पुढे दाबून ४. तिला हॉपकिक म्हणतात. ती लागली तर तुम्ही हवेत उडता आणि कॉम्बो, म्हणजे अडवता न येणारी वारांची साखळी, सुरू होतो. ब्लॉक झाली तर बहुतेकांच्या बाबतीत मारणारा १३ फ्रेम मागे पडतो. तुमचा जॅब १० चा. म्हणजे हॉपकिक ब्लॉक झाल्याबरोबर १, २ असे दोन ठोसे मारले तर ते लागणारच. समोरच्याला ब्लॉक करायलाही वेळ नाही. याला पनिश म्हणतात. मागे दाबून धरा, ब्लॉकचा आवाज येताच १, २. किंचित आधी दाबलं तरी चालतं, गेम ते बटण लक्षात ठेवतो. उशीर झाला तर मात्र संधी गेली. आता तीच लाथ ब्लॉक करून नवा माणूस काय करतो? आपली आवडती मोठी लाथ काढतो, जी २० फ्रेमनंतर लागते. तेवढ्यात समोरचा सावरून ती ब्लॉक करतो आणि पुन्हा मारायला लागतो, आणि आपल्याला वाटतं की तो थांबतच नाही. तो थांबला होता. आपण चुकीचं बटण दाबलं.

म्हणून तीन पनिश पाठ करा. दहा फ्रेमचा: जवळजवळ सगळ्यांकडे १, २. पंधरा फ्रेमचा: हवेत उडवणारा लाँचर, अनेकांकडे तो खाली-पुढे दाबून २ असा आहे. आणि बसून लो ब्लॉक केल्यावर उठता उठता मारायची ४ नंबरची लाथ, अकरा फ्रेमची. एवढ्यावर खालच्या रँकमधल्या अर्ध्याअधिक मॅच निघतात, कारण तिथे लोक असुरक्षित वार, म्हणजे ब्लॉक झाल्यावर पनिश बसतो असे वार, बिनधास्त मारतात. कझुयाची जमिनीलगतची लाथ घ्या. एकदा बसून ब्लॉक केली की तो इतका मागे पडतो की उठता उठता लाँचर घालून पूर्ण कॉम्बो बसतो. पण प्रत्येक लो पाहून ब्लॉक होत नाही. माणसाची प्रतिक्रिया साधारण १५ फ्रेमच्या आसपास असते, त्यामुळे १६-१८ फ्रेमची लो दिसली तरी हात पोचत नाही. तशा वारांचं नुकसान थोडं असतं, ते सोसायचं. उडवणाऱ्या किंवा पाडणाऱ्या लो सावकाश येतात, त्यांच्यासाठी डोळे तयार करायचे. लो येतेय हे ओळखलं तर बसण्याऐवजी खाली-पुढे टिचका द्या, पाय हातात सापडतो आणि कॉम्बो मिळतो. याला लो पॅरी म्हणतात. एडी आणि ह्वारांगच्या ठरलेल्या लाथांच्या माळांवर हा फार मोठा इलाज आहे.

आता नवीन भाग. टेकन ८ चं काळीज म्हणजे हीट, थोडा वेळ मिळणारी जास्तीची ताकद. प्रत्येक राऊंडमध्ये प्रत्येकाला ती एकदा मिळते आणि सुमारे दहा सेकंद टिकते. सुरू करायचे दोन मार्ग आहेत. पहिला हीट बर्स्ट: २ आणि ३ एकत्र, प्लेस्टेशनच्या पॅडवर मुळात आर१. हा १६ फ्रेमचा वार मध्येच आलेला हाय किंवा मिड अंगावर झेलून पुढे येतो, आणि ब्लॉक झाला तरी मारणारा एक फ्रेम पुढेच राहतो. दुसरा मार्ग हीट एंगेजर: प्रत्येक खेळाडूचे ठरावीक वार असतात, ते लागले की हीट आपोआप सुरू होते आणि तुम्ही धावत जाऊन समोरच्याच्या अंगाला भिडता. शक्यतो दुसऱ्या मार्गाने सुरू करा. बर्स्ट हा अडचणीतून सुटायला किंवा कॉम्बो लांबवायला राखून ठेवा.

हीटमध्ये असताना तुमचे जोरदार वार ब्लॉक झाले तरी थोडं रक्त, म्हणजे समोरच्याची शिल्लक ताकद, कमी करतात. उरलेली हीट दोन प्रकारे खर्च करता येते. हीट स्मॅश हा एक मोठा वार. कोणाचा मिड, कोणाच्या स्मॅशमध्ये लोही असते. हीट डॅश म्हणजे एंगेजर मारून लगेच पुढे धावणं: वार लागला असेल तर कॉम्बो, ब्लॉक झाला असेल तरी पाच फ्रेमची आघाडी.

समोरच्याने हीट काढली की नवा माणूस घाबरून बटणं बडवतो. तिथेच मॅच जाते. बर्स्ट ब्लॉक झाला, तो एक फ्रेम पुढे आहे. तुमचा जॅब आणि त्याचा जॅब एकाच वेळी दाबले तर त्याचाच लागेल. डॅशनंतर पाचची आघाडी असताना तर तुमचं कुठलंच साधं बटण चालत नाही. तेव्हा बर्स्ट ब्लॉक केल्यावर उभा ब्लॉक धरा, एक वार येऊ द्या, मग मागे सरा. कबड्डीत चढाईवाला आत आल्यावर घड्याळ त्याच्यावर चालतं, बचावणाऱ्यावर नाही. हीटमध्येही तसंच आहे. दोनदा मागे टिचका देऊन अंतर घेतलं, की त्याच्या दहा सेकंदांतले दोन-तीन निघून गेलेले असतात. फक्त पाठीमागे भिंत असेल तर मागे सरण्यात अर्थ नाही, तिथे बाजूला पाऊल टाका.

रक्ताच्या पट्टीतला फिकट भागही नीट बघा. ब्लॉकवर गेलेलं, कॉम्बोत हवेत असताना गेलेलं आणि वार झेलून मारताना गेलेलं रक्त पूर्ण जात नाही, काही भाग परत मिळवता येतो. पण मागे बसून तो मिळत नाही. समोरच्याला मारलं, अगदी ब्लॉकवर जरी मारलं, तरच तो भरतो. गेम आक्रमणाला बक्षीस देतो म्हणतात ते इथे सर्वात स्पष्ट दिसतं. जुन्या टेकनमध्ये आघाडी घेऊन वेळ काढता यायचा. इथे तसं करणारा आपलंच रक्त सोडून देतो. हा बदल चांगला आहे. मॅच शेवटपर्यंत जिवंत राहते.

रक्त पावभर किंवा त्याहून कमी उरलं की अंगाभोवती लाल झळाळी येते, ती रेज. तेव्हा एक रेज आर्ट मारता येतं: २० फ्रेमचं, वार झेलत येणारं, लागलं तर राऊंड फिरवणारं. समोरचा लाल झाला की मोठे वार बंद करा. एक जॅब मारा आणि लगेच ब्लॉक धरा. जॅब इतका छोटा असतो की त्यावर रेज आर्ट आलं तरी ब्लॉकला वेळ मिळतो, आणि ब्लॉक झालेल्या रेज आर्टला जबर पनिश बसतो.

पकडीबद्दल लोक उगाच हताश होतात. साधी पकड १ किंवा २, कोणत्याही एका बटणाने सुटते. खास पकडींना ठरलेलं बटण लागतं, आणि ते हातांवरून ओळखता येतं: डावा हात पुढे आला तर १, उजवा आला तर २, दोन्ही आले तर १ आणि २ एकत्र. वेळ सुमारे २० फ्रेमचा मिळतो, म्हणजे डोळ्यांनी पाहून सोडवण्याएवढा. किंगची ती पाय धरून गरागरा फिरवणारी पकड १ ने सुटते. प्रॅक्टिसमध्ये किंगला उभा करून त्याला आलटून पालटून पकडायला लावा, रोज दहा मिनिटं. पहिले दोन दिवस काही दिसणार नाही, मग हात दिसायला लागतात.

कॉम्बोचं वेड सध्या बाजूला ठेवा. प्रत्येक कॉम्बोत एकदा टॉर्नेडो येतो, म्हणजे हवेतल्या माणसाला गिरकी देऊन जमिनीजवळ आणणारा वार. त्यानंतर पुढे धावून शेवट करायचा. लाँचर, दोन-तीन वार, टॉर्नेडो, शेवट. एवढा एकच कॉम्बो पक्का असला तरी लांब कॉम्बोतलं बरंचसं नुकसान हाती येतं. अर्धवट जमणाऱ्या लांब कॉम्बोपेक्षा दहापैकी दहा वेळा बसणारा छोटा कॉम्बो कितीतरी मोलाचा.

सरावाची साधनं हे या गेमचं सर्वात मोठं देणं आहे, आणि पहिल्या इम्प्रेशनमध्ये बहुतेक लोक नेमकं तेच वगळतात. प्रॅक्टिसमध्ये पनिशमेंट ट्रेनिंग आहे: खेळाडू निवडा, गेम त्याचे असुरक्षित वार एकेक करून मारतो आणि तुम्ही योग्य उत्तर द्यायचं. ज्याच्याकडून हरलात त्याच खेळाडूवर हे पंधरा मिनिटं करा. त्याहून मोलाचं म्हणजे रिप्ले. आपली झालेली मॅच उघडली की गेम ठिकठिकाणी थांबून सांगतो की इथे हा पनिश होता, ही माळ बसून चुकवता आली असती. आणि त्याच क्षणी तुम्ही पॅड हातात घेऊन ते करून बघू शकता, मॅच तिथून तुमच्या हाती येते. रोज हरलेली एकच मॅच अशी बघा. तीन मॅच आणखी खेळण्यापेक्षा त्यातून जास्त मिळतं.

आर्केड क्वेस्टमध्ये छोटा अवतार घेऊन आर्केड हॉलमध्ये फिरायचं असतं, आणि तिथे हीट, पनिश, ब्लॉक हे सगळं क्रमाने शिकवलं जातं. थोडं बाळबोध आहे, पण एवढ्या वर्षांनी येणाऱ्यासाठी वेळ वाया जात नाही. स्टोरी मोड डोळ्यांचं पारणं फेडतो आणि खेळ मात्र फारसा शिकवत नाही. सुपर घोस्ट हा प्रकार भन्नाट: गेम तुमची खेळण्याची पद्धत पाहून तुमची प्रतिकृती तयार करतो. तिच्याशी लढलात की आपण एकच लाथ किती वेळा मारतो हे उघडं पडतं.

स्पेशल स्टाइल नावाची सोपी पद्धत आहे. एल१ दाबलं की मॅच चालू असतानाही ती सुरू किंवा बंद होते, आणि एका बटणावर कॉम्बो, लो, हीटचे वार मिळतात. घरात मुलांबरोबर किंवा पाहुण्यांबरोबर खेळायला ती उत्तम. शिकायचं असेल तर तिच्यावर राहू नका. तीत मोजकेच वार मिळतात, आणि दहा फ्रेमच्या पनिशला जे नेमकं बटण हवं ते तुमच्या हाताला कधीच लागत नाही.

आता लॅग, म्हणजे बटण दाबणं आणि स्क्रीनवर दिसणं यातला उशीर. कितीतरी लोक "गेम जड आहे" म्हणतात तेव्हा दोष टीव्हीचा असतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. तो बंद असला तर टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो आणि बटण उशिरा लागतं. पीसीवर १०० जीबी जागा लागते. कंपनीने सांगितलेली किमान पातळी जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि ८ जीबी रॅम, शिफारस आरटीएक्स २०७० आणि १६ जीबी. कमी ताकदीच्या लॅपटॉपवर सावल्या, इफेक्ट आणि रेंडर स्केल (चित्राचा बारकावा) उतरवा, पण ६० फ्रेम सोडू नका. या गेममध्ये फ्रेम पडल्या तर वरचे सगळे आकडे निरर्थक होतात.

ऑनलाइनला रोलबॅक पद्धत आहे, म्हणजे कनेक्शन मागे-पुढे झालं तर गेम अंदाजाने पुढे चालतो आणि चूक निघाली तर झटक्यात दुरुस्त करतो. समोरचा अचानक दुसऱ्या जागी दिसला तर हेच झालेलं असतं. मॅच स्वीकारण्याआधी समोरच्याच्या कनेक्शनची खूण दिसते, तार की वायफाय हेही कळतं. सुरुवातीला वायफायवाल्यांना नाही म्हणा, आणि स्वतःही राउटरपासून लॅनची तार ओढा. दुबई किंवा सिंगापूरमधल्या नातेवाइकांशी खेळायचं असेल तर दोन्हीकडे तार असल्याशिवाय दहा फ्रेमच्या पनिशची अपेक्षा ठेवू नका. प्लेस्टेशनवर ऑनलाइनसाठी प्लेस्टेशन प्लसचे पैसे वेगळे पडतात, पीसीवर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमला पडत नाहीत.

तक्रारी आहेत, आणि त्या रास्त आहेत. गेम विकला गेल्यावर महिन्याभरात कपड्यांसाठी पैसे मागणारं दुकान आत आलं. पूर्ण किंमत मोजलेल्यांना ते आवडलं नाही, आवडायला नकोच होतं. त्याहून गंभीर म्हणजे एप्रिल २०२५ मधला दुसरा सीझन, म्हणजे गेममधल्या मोठ्या बदलांचा दुसरा हप्ता. आधीच आक्रमक असलेल्या गेममध्ये मारणाऱ्याला आणखी सवलती मिळाल्या, बचावाला जागा कमी उरली, स्टीमवर नाराज रिव्ह्यूंचा पाऊस पडला आणि कंपनीला घाईने पॅच (दुरुस्तीचे अपडेट) काढावे लागले. यातून एक गोष्ट लक्षात ठेवा: एखाद्या वाराचा आकडा जुन्या व्हिडिओत पाहून पाठ करू नका. प्रॅक्टिसमध्ये फ्रेमचा आकडा स्क्रीनवर दाखवायची सोय आहे, तोच आजचा खरा.

पार्लरमधला खेळ मात्र कमी लेखू नका. पाकिस्तानच्या लाहोरचा अर्सलान अ‍ॅश २०२४ मध्ये लास वेगासला टेकन ८ ची एव्हो स्पर्धा जिंकला. एव्हो म्हणजे मारामारीच्या गेमची मोठी जागतिक स्पर्धा. आपल्यासारख्याच गर्दीच्या, एका मशीनवर नंबर लावून खेळायच्या दुकानांतून तिथली पिढी तयार झाली. अंतर किती ठेवायचं, समोरचा कधी घाबरतो, कधी तीच लाथ पुन्हा मारणार, हे माणूस शेजारी बसलेला असताना शिकलेलं असतं. ते तुमच्याकडे आहे.

खेळाडू निवडताना सुरुवात पॉल, क्लॉडिओ किंवा जॅकने करा. पॉलचे वार थोडे आणि जोरदार, क्लॉडिओची हत्यारं सरळ, जॅकचे हात लांब. जिन हवाच असेल तर हरकत नाही, फक्त त्याच्याकडे सगळंच असल्यामुळे काय वापरायचं हे ठरवायला वेळ लागतो. नीना आणि कझुया नंतरसाठी. मूळ गेमच घ्या, सगळ्या सीझनचे खेळाडू असलेली महाग आवृत्ती नको. एडी हवा असेल तर तो सुटा घेता येतो. पण दहा फ्रेमचा पनिश न चुकता बसायला लागल्यावर घ्या. लो पॅरी येणाऱ्यांसमोर नुसतं ३ आणि ४ बडवून टेकन ८ मध्ये एक राऊंडही निघत नाही.